ठिपक्याकडे बघू नकोस

कुमुद,

तुझं पाकीट तीन दिवस माझ्या कपाटात इस्त्रीच्या साड्यांखाली पडून आहे. तुझे दिवस झाल्यावर मिलिंदनं तुझ्या लॅपटॉपची पिशवी आवरायला घेतली, तेव्हा त्याला ते सापडलं. वर तुझ्या गिरवल्यासारख्या अक्षरात माझं नाव, आणि नावाखाली रेघ. तू रेघ मारलीस की प्रकरण गंभीर असतं, हे मला पंचेचाळीस वर्षं ठाऊक आहे. "मावशी, आईनं तुमच्यासाठी ठेवलेलं दिसतंय, मी उघडलेलं नाही," असं म्हणून तुझा मुलगा पाकीट देऊन गेला. फार सभ्य वाढवलास. थोडा आगाऊ असता तर माझं काम झालं असतं.

मीही उघडलेलं नाही. मला भीती वाटते आहे.

आपल्या संस्थेतल्या निवृत्त मंडळींच्या अंकासाठी तुझ्यावर चार पानं लिहा, असा फोन आला होता. जन्म, शिक्षण, पदं, पुरस्कार आणि एक चांगला फोटो. मी म्हटलं, ते सगळं तिच्या बायोडेटात आहे, तसंच छापा. मी तिच्याशी बोलणार आहे, ज्यांना ऐकायचं असेल त्यांनी ऐकावं. फोन करणारे गृहस्थ म्हणाले, शब्दमर्यादा पाळा. ती आपल्या गावची रीतच आहे, मेलेल्याशी बोलतानासुद्धा माणसानं फार वेळ घेऊ नये.

तर मर्यादेत सांगते. महिन्याभरापूर्वी तू माझे डोळे तपासलेस. नंबर काढायला नव्हे, तुझ्या पद्धतीनं, म्हणजे डोळा कुठून कुठे जातो ते बघायला. तुला काहीतरी दिसलं. ते मला न सांगता तू गेलीस. जे दिसलं ते त्या पाकिटात आहे.

तू आणि न सांगता.

तू मला पहिल्यांदा पाहिलंस तेव्हा मी तिशी न गाठलेली, अतिशय विद्वान बाई होते. पांढरा कोट, हातात मोजे, आणि चेहऱ्यावर असा भाव की निर्वात पंप आमच्या तीर्थरूपांनीच शोधून काढला. कामाच्या खोलीत डोक्याला टोपी घालायची सक्ती होती. ती मी घालत नसे, कारण टोपीत मी लग्नाच्या आचाऱ्यासारखी दिसते असं माझं मत होतं. आमच्याकडे काचेवर थर चढवायचं काम चाले. हवा काढून घेतलेल्या पोलादी चेंबरमध्ये पदार्थ तापवून त्याची वाफ करायची आणि ती काचेवर बसू द्यायची. एकावर एक असे पंचवीस-तीस थर, आणि सगळे मिळूनसुद्धा केसापेक्षा कितीतरी पातळ. तू शेजारच्या इमारतीतली, मुलं वाचायला कशी शिकतात ते त्यांच्या डोळ्यांवरून अभ्यासणारी. तुला हवा होता तो आरसा मोठा चमत्कारिक होता. बघणाऱ्याला ती साधी काच वाटायला हवी, पण डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश तिनं परतवायला हवा. म्हणजे मूल काचेतून पलीकडचं पुस्तक वाचणार आणि बाजूला बसवलेला कॅमेरा त्याच काचेत मुलाचा डोळा बघणार. बाहेरून मागवायचा तर वर्षभर वाट बघा. मी म्हटलं, एवढंच ना, पंधरा दिवसांत देते.

पाच महिने लागले. थर सुंदर बसायचे आणि चार दिवसांनी एका कोपऱ्यात पापुद्रा सुटायचा. दर वेळी साधारण तोच कोपरा. मी सहा पानांचा अहवाल लिहिला, की पंपातल्या तेलाची वाफ उलटी चेंबरमध्ये येते आणि काच खराब करते. आलेखांसकट. साहेब खूश झाले, नवा पंप मागवायच्या गोष्टी सुरू झाल्या. तू तुझ्या आरशाची चौकशी करायला आलीस आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर अर्धा तास नुसती बसून राहिलीस. मला वाटलं, माझ्या कौशल्यानं भारावली असेल. शेवटी तू म्हणालीस, "पंपाला खोबरेल घालतेस का?"

मी अकरा वेळा कपाळावरची तेल लावलेली बट मागे सारली होती, तू मोजलं होतंस. दर वेळी काच उचलायच्या आधी, उजव्या हाताच्या त्याच दोन बोटांनी. मी म्हटलं, मोजे आहेत की हातात. तर तू विचारलंस, "मोज्यांना आहेत का मोजे?"

त्या अहवालाची प्रत तू जपून ठेवलीस आणि माझ्या प्रत्येक बढतीला मला वाचून दाखवलीस. तेव्हा मला तुझा इतका राग यायचा. आता वाटतं, माझी फजिती इतक्या बारकाईनं बघणारं दुसरं कोण होतं मला? घरच्यांनी माझ्याकडे प्रेमानं बघितलं असेल, पण निरखून तूच बघितलंस. आणि जे बघितलंस ते तोंडावर सांगितलंस, साखर न घालता. तुझ्यापाशी मी निर्धास्त असायचे ती यामुळेच. तू काही बोलली नाहीस याचा अर्थ काही नाही, असा हिशोब पंचेचाळीस वर्षं चालला.

आपलं मोठं भांडणही यावरूनच झालं.

आरसा तयार झाला आणि आपण तो खोक्यात कापूस भरून खडकवासल्याच्या पलीकडच्या एका शाळेत घेऊन गेलो. सुताराकडून करून घेतलेली ती लाकडी चौकट आठवते? हनुवटी ठेवायला फळी, वर गादी म्हणून गुंडाळलेलं बँडेज. मुलांना वाटलं आपण दात बघायला आलोय. मी तोवर समजत होते की वाचताना डोळा ओळीवरून पट्टीसारखा सरकतो. तू मला कागदाच्या रिळावरच्या रेघा दाखवल्यास. डोळा सरकत नाही, उडी मारतो, थांबतो, पुन्हा उडी मारतो, आणि जे काही दिसतं ते थांबल्यावर दिसतं. शिकलेल्या माणसाच्या उड्या लांब, नवशिक्याच्या तोकड्या. मध्येच मागे वळून बघायचं, तेही सगळेच करतात. मी आयुष्यभर वाचत आले होते आणि माझेच डोळे काय करतात ते मला ठाऊक नव्हतं.

चौथीत मंगल नावाची मुलगी होती. गुरुजींनी तिला ढ ठरवून मागच्या भिंतीशी बसवलं होतं. तिच्या रिळावर तू बोट ठेवलंस. तीन शब्द पुढे, दोन मागे. तीन पुढे, दोन मागे. एक ओळ ती तीनदा चालत होती. मुलगी ढ नव्हती, इतरांच्या तिप्पट राबत होती. तुला इतका आनंद झाला की तिची आई संध्याकाळी शेतावरून परतताना शाळेपाशी भेटली, तशी तू तिला तिथेच सगळं सांगून टाकलंस. तुझ्या त्या पेठी मराठीत, हवेत आकृत्या काढून. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजी पोरीच्या डोस्क्यातच खोट हाय?" तू नाही नाही म्हणत राहिलीस. पुढच्या सोमवारी मंगल शाळेत नव्हती. त्याच्या पुढच्याही सोमवारी नव्हती. गुरुजी म्हणाले, मामाकडे पाठवली, शिकवून उपेग न्हाई म्हणाली तिची आई.

परत येताना जीपमध्ये मी तुला वाटेल ते बोलले. दोन दिवस थांबली असतीस, आधी गुरुजींशी बोलली असतीस, आधी तिला सोपं पुस्तक दिलं असतंस, मग आईला सांगितलं असतंस. शब्द म्हणजे काय काचेवरचा थर आहे, की चुकला तर घासून काढून पुन्हा चढवावा? तू खिडकीबाहेर बघत एकच वाक्य बोललीस. "बघितलेलं पोटात ठेवायचा मला अधिकार नाही."

त्यानंतर दोन महिने मी तुझ्याशी बोलले नाही. तुझे आरसे शिपायाच्या हाती पाठवायचे. आता हसू येतं, त्या खोक्यांवर मी 'जपून हाताळा' लिहायचे आणि ते तुला उद्देशून आहे असं मनात समजायचे. एवढी माझी झेप. पण वाद मिटला नाही, नुसता मुरला. कुणी आजारी पडलं, कुणाच्या मुलीचं लग्न मोडलं, कुणाच्या सुनेच्या तपासण्या झाल्या, की आपण चहा पिता पिता तिथेच यायचो. सांगावं की नाही. तू म्हणायचीस, सांगावं, त्याच दिवशी. मी म्हणायचे, आधी समोरच्याचा चेहरा बघावा. मंगलचं पुढे काय झालं ते आपल्या दोघींनाही कधी कळलं नाही, म्हणून कुणी जिंकलंही नाही.

मग अक्काचं आलं. माझी थोरली बहीण, जिनं मला वेण्या घालून शाळेत सोडलं, ती शेवटची पाच वर्षं एकेक माणूस विसरत गेली. एका दुपारी आपण दोघी तिला भेटायला गेलो होतो. मी तिच्या पलंगावर बसले, तर तिनं पदर सावरला आणि अदबीनं विचारलं, "आपण कुणाकडच्या?" मला 'आपण'. मी मोठ्यांदा हसले, म्हटलं, मी जोश्यांकडची, हळदीकुंकवाला आले आहे. अक्काही हसली. जिन्यात आल्यावर मला उभं राहवेना, तेव्हा तू माझा दंड धरलास. तुला ठाऊक होतं, मला मरणाची भीती नाही. मला त्या 'आपण'ची भीती आहे. उद्या मी माझ्या नातीला तसं विचारेन, याची.

आणि हे ठाऊक असताना तू मला वारज्याला तुझ्या घरी बोलावलंस.

कारण साधंच होतं. माझी नात ईरा हिंजवडीत ज्या कंपनीत आहे, ते मुलांच्या वाचनाचं एक सॉफ्टवेअर करतात. साध्या लॅपटॉपचा कॅमेरा डोळा कुठे बघतोय ते टिपतो. आपला आरसा नको, चौकट नको, हनुवटीची फळी नको. तू त्यांना सल्ला देत होतीस आणि मुलांशी ताडून बघायला तुला म्हातारी माणसं हवी होती. सोसायटीतले बारा जण झाले होते, तेरावी मी. म्हटलं, माझ्या तीस थरांची जागा या टिकलीएवढ्या भोकानं घेतली तर. तू म्हणालीस, "तुझ्यापेक्षा स्वच्छ आहे."

वाचनाचा उतारा बरा गेला. मग तू दुसरी परीक्षा लावलीस. पडद्याच्या मध्यावर फुली. मध्येच डावीकडे किंवा उजवीकडे ठिपका येणार. त्याच्याकडे बघायचं नाही, त्याच्या उलट बाजूला बघायचं. पोरखेळ. सुरुवातीला सगळेच चुकतात, तू सांगितलंस, मग जमतं. ठिपका आला, मी चुकले. पुन्हा आला, पुन्हा चुकले. तू म्हणालीस, "वासंती, ठिपक्याकडे बघू नकोस." मी म्हटलं, अगं, तो इतक्या अगत्यानं येतो, ढुंकूनही न बघणं बरं दिसतं का? एरवी तू यावर काहीतरी तिखट बोलली असतीस. तू तीच परीक्षा पहिल्यापासून पुन्हा लावलीस. मग तिसऱ्यांदा.

तिसऱ्यानंतर तू लॅपटॉप मिटलास. तुझा चेहरा मला ओळखू येईना. मी म्हटलं, "मुद्दाम करत होते गं. तुझी तोंडं बघायला मजा येते."

तू माझ्याकडे खूप वेळ बघत राहिलीस. मग म्हणालीस, पुढच्या आठवड्यात ये, बोलू. आणि मला सोडायला खाली फाटकापर्यंत आलीस. इतक्या वर्षांत तू कधी लिफ्टच्या पुढे आली नाहीस, गुडघे दुखतात म्हणून. रिक्षात बसवताना माझा दंड धरलास. जिन्यात धरला होतास तसा.

मंगळवारी सकाळी मिलिंदचा फोन आला. हृदय. दवाखान्यात नेईपर्यंतही थांबली नाहीस.

मी तुझ्यासाठी रडले. हे स्पष्ट लिहून ठेवते, नाहीतर म्हणशील, ही बया माझ्या स्मृतिलेखातही स्वतःचंच रडगाणं गाते. पण रडता रडता मध्येच एक विचार यायचा आणि रडू थांबायचं. कुमुद गप्प बसली. जिनं मंगलच्या आईला रस्त्यात गाठून सांगितलं, तिनं मला सांगितलं नाही. म्हणजे इतक्या वर्षांच्या वादात शेवटी तू माझ्या बाजूला आलीस. आधी समोरच्याचा चेहरा बघितलास. मी जिंकले. असलं जिंकणं वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये.

तेव्हापासून मी स्वतःच स्वतःची परीक्षा घेत बसले आहे. सकाळी चेंबरमधल्या थरांचा क्रम म्हणून दाखवते, तो सगळा येतो. मग दुधाच्या पिशव्या किती सांगितल्या ते आठवत नाही. औषधाच्या दुकानात गेले आणि काय घ्यायचं ते विसरले. दुकानदार म्हणाला, "आजी, बसा, आठवेल. इथे सगळे असेच येतात." यानं दिलासा मिळायला हवा होता. शेजारणीचं नाव घेताना जीभ क्षणभर अडली तर दिवसभर तेच नाव घोकत बसते. विसरते आहे की म्हातारी आहे, हे दोन्ही आतून सारखंच वाटतं, कुमुद. फरक कळणारी एक बाई होती, ती गेली.

शनिवारी ईरा आली होती. तिला साडी नेसायची होती, ऑफिसात कसलासा समारंभ. तिच्या हाताला पाकीट लागलं. "आजी, हे काय? कुमुदआजीचं हँडरायटिंग आहे ना? ओपन का नाही केलंस?" मी म्हटलं, आमची जुनी प्रेमपत्रं आहेत, ठेव. ती हसली आणि ठेवलं. बघितलंस, किती सोपं आहे. मी काहीही बोलले तरी लोक हसतात. पन्नास वर्षं मेहनत करून मी हे कमावलं आहे.

इथवर काल लिहिलं होतं. आज दुपारी जेवण झाल्यावर पाकीट उघडलं. धैर्य वगैरे नाही. साडी काढताना ते आपोआप खाली पडलं आणि मला वाकून उचलावं लागलं. वाकलेच आहे तर, म्हटलं.

आत आलेखाचा एक कागद होता, तो मी उलटा करून ठेवला. आणि तुझी चिठ्ठी. त्याच दिवशीची, मी रिक्षात बसल्यावर वर जाऊन लिहिलेली.

"वासंती, तुझ्या चुका माझ्या बाकीच्या म्हाताऱ्यांपेक्षा बऱ्याच जास्त आहेत. एका बैठकीवरून काही ठरत नाही. मी डोळे मोजते, निदान करत नाही. तरी मेंदूच्या डॉक्टरांना एकदा दाखवावंस असं माझं मत आहे. हे आज समोर बसून सांगायला हवं होतं. अक्का आठवल्या आणि तोंड उघडेना. म्हणून लिहून ठेवते. पुढच्या आठवड्यात तुझ्या हातात देईन आणि तू वाचेपर्यंत समोरून हलणार नाही.

एक विचारायचं आहे. मुद्दाम करत होते म्हणालीस, ते खरं का? खरं असेल तर हा कागद फाडून टाक आणि मला हव्या तेवढ्या शिव्या दे. खरं नसेल तर तसं सांग. हे तुझ्याखेरीज कुणालाच कळणार नाही. मशीनलाही नाही."

म्हणजे तू हरली नव्हतीस. फक्त आठवडाभर उशीर केलास. आणि घाबरलीस, तू, माझ्यासाठी. हे वाचून मला बरं वाटलं आणि त्याच क्षणी भीतीही वाटली. कागद पातळ आहे, फाडायला काहीच लागत नाही. फाडला तर कुणी विचारणार नाही. वासंतीबाई गमत्या आहेत, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. तुझ्या प्रश्नाचं खोटं उत्तर मी तू विचारायच्या आधीच देऊन बसले होते, आणि ते पकडू शकणारी तू आता नाहीस.

ईराला फोन केला. ती कंपनीच्या बसमध्ये, हिंजवडीच्या चौकात अडकलेली. मी म्हटलं, मला मेंदूच्या डॉक्टरांकडे जायचं आहे, बरोबर येशील? ती हसायला लागली आणि मध्येच थांबली. मग हळूच म्हणाली, "आजी, तू जोक करत नाहीयेस ना?" मी म्हटलं, नाही. मग तिनंच बसमधून फोन फिरवले. परवा अकराची वेळ मिळाली आहे. ती सुट्टी घेते आहे.

कागद फाडला नाही. आता सरळ करून बघते आहे. तेच जुनं चित्र, उड्या आणि थांबे. डॉक्टर विचारतील तेव्हा त्यांना सांगेनच, पण प्रश्न तुझा होता, म्हणून आधी तुला.

नाही, कुमुद. मुद्दाम नव्हतं. ठिपका यायचा, मी डोळ्यांना सांगायचे, जाऊ नका, आणि तोवर ते गेलेले असायचे.